शिवकांताची नजर

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशी नाही, आई, आमची अव्वा, शेवटची आजारी होती तेव्हा तिच्यापाशी नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. लिहायला बसलो तर तेही सोपं नाही. कुठून धरू? सरळ गुन्हाच आधी लिहून टाकावा असं मनात येतं, आणि हात दुसरीकडंच जातो — जाळीकडं, चौकटीकडं, रंगांच्या डब्यांकडं. जाऊ द्या तिकडं. तिकडूनच यावं लागणार आहे.

लातूरला माझं टी-शर्ट छापायचं दुकान आहे. पुढं काउंटर, मागं पत्र्याची लांब खोली. गिऱ्हाईक मला मन्मथअप्पा म्हणतात. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्यात आणि त्यांवर छापलेले टी-शर्ट वाळत असतात — बाह्या पसरून, डोकं नसलेल्या माणसांसारखे. वारा आला की सगळे एकदम हलतात. दुपारी वीज गेलेली असली, खोलीत कुणी नसलं, की मी त्यांच्यामधून चालत जातो. कुणाच्या छातीवर शाळेचं नाव, कुणाच्या छातीवर नवरीकडची मंडळी, कुणाच्या पाठीवर क्रिकेटच्या संघाचा वाघ. झोपेत चालल्यासारखं वाटतं. वाटतं, यातला एखादा आता माझ्या खांद्यावर हात ठेवील आणि विचारील — अप्पा, माझ्या पाठीवरचा वाघ कोणत्या रंगाचा आहे?

मला सांगता येणार नाही.

थांबा. एवढ्यात नको. आधी हे काम कसं चालतं ते सांगतो, त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

एक लाकडी चौकट असते. तिच्यावर बारीक जाळी ताणून बसवलेली, ओढणीच्या कापडाइतकी तलम. त्या जाळीवर इमल्शन नावाचं चिकट औषध पसरायचं आणि अंधाऱ्या खोलीत वाळवायचं. जे चित्र छापायचं ते पारदर्शक कागदावर काळ्याभोर शाईत घ्यायचं, जाळीला लावायचं आणि प्रखर उजेड द्यायचा. उजेड लागला तिथं औषध घट्ट होतं. काळ्या शाईनं उजेड अडवला तिथं कच्चं राहतं, आणि पाण्याची धार सोडली की तेवढंच वाहून जातं. जाळीत चित्राच्या आकाराची वाट मोकळी होते. मग खाली टी-शर्ट, वर चौकट, चौकटीत रंग. रबराची पट्टी दाबून ओढली की रंग त्या वाटेनं कापडावर उतरतो. चौकट उचलायची — आणि खाली ते उमटलेलं असतं. इतकी वर्षं झाली, चौकट उचलताना अजून माझा श्वास थांबतो.

गिऱ्हाईक आल्या आल्या विचारतं, एका टी-शर्टाला किती पडतील? मी उलटं विचारतो, रंग किती? कारण एका चौकटीतून एकच रंग उतरतो. चित्रात तीन रंग असतील तर चौकटी तीन, छपाई तीनदा, आणि तिन्ही एकमेकांवर जराही न सरकता बसायला पाहिजेत. कापड काळं असलं तर आधी पांढरा थर द्यावा लागतो, नाही तर रंग कापडात बुडून जातो. म्हणजे आणखी एक चौकट. चौकट तयार करायची मेहनत थोड्या नगांना तेवढीच आणि ढीगभर नगांना तेवढीच, म्हणून थोडे टी-शर्ट महाग पडतात आणि ढीग स्वस्त पडतो. चित्र मोठं तर रंग जास्त. कापड खरबरीत तर पट्टी दोनदा ओढावी लागते. हे सगळं मी समजावून सांगायचो आणि शेवटी म्हणायचो, "एकाच रंगात घ्या की. परवडतं बी, अन् उठून बी दिसतं."

लोक म्हणायचे, अप्पा सरळ माणूस, गिऱ्हाइकाचा पैसा वाचवतो.

मी कुणाचा पैसा वाचवत नव्हतो. मला रंगांची भीती वाटायची.

मला लाल दिसत नाही. हिरवा दिसत नाही. म्हणजे काळोख दिसतो असं नाही — दोन्ही एकाच मातकट, सुकलेल्या कडब्यासारख्या रंगाचे दिसतात. गुलाबी राखेसारखा दिसतो. जांभळा आणि निळा माझ्या लेखी एकच. पिवळं मात्र मला दिसतं, आणि आभाळाचं निळं दिसतं. त्या दोघांच्या भरवशावर मी एवढं आयुष्य काढलं. लहानपणी औशाजवळच्या शेतात अव्वा मला पिकलेल्या मिरच्या तोडायला पाठवायची. मी लाल-हिरव्या एकत्र तोडून आणायचो. ती म्हणायची, घाई लई या पोराला. मला घाई नव्हती. मला त्या झाडावर एकाच रंगाच्या मिरच्या दिसायच्या. पुढं मला समजलं, पिकलेली मिरची बोटाला जराशी मऊ लागते. मग मी डोळे मिटूनही तोडू लागलो. घाई गेली पोराची, असं अव्वा म्हणाली.

मग असा माणूस या धंद्यात आला कसा? तरुणपणी नांदेडला एका उस्तादाच्या हाताखाली राहिलो. ते कापडी पिशव्यांवर दुकानांची नावं छापायचे, सगळी काळ्यात. काळा! त्या खोलीत मी जितका सुखात होतो तितका पुन्हा कुठंच नव्हतो. लातूरला येऊन स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा वाटलं, जन्मभर काळ्यातच निभावेल. पण लोकांना रंग पाहिजे झाले. मी डबे फळीवर ठरलेल्या जागी ठेवायचो, झाकणांवरची नावं वाचायचो, आणि रंगांत रंग मिसळायची वेळ आली की काही ना काही सांगून टाळायचो.

आता शिवकांताचं सांगतो.

शिवकांता माझी धाकटी बहीण. इथंच जवळ मुरुडला दिली होती. लग्न टिकलं नाही — का, ते तिचं आहे, ते मी सांगणार नाही. परत आली आणि घरात बसून राहायला लागली. अव्वा म्हणाली, तिला दुकानात ने रे, नुसती भिंतीकडं बघत बसते. मी तिला जाळ्या धुवायचं काम दिलं. ती बोलायची नाही. पाण्याची धार सोडायची आणि जाळीतून पलीकडं पाहत राहायची.

एक दिवस एका संघाचे टी-शर्ट छापायचे होते. पांढऱ्यावर हिरवा. झाकणं वाचून मी रंग केला, चौकटीत ओतला, पट्टी हातात घेतली. कुणीतरी आदल्या दिवशी झाकणांची अदलाबदल केली होती. शिवकांता ओल्या हातांनी मागून आली आणि हळूच म्हणाली, "अण्णा, त्यांनी हिरवा सांगितलाय न्हवं? ह्यो तर चॉकलेटी झालाय."

खोलीत आम्ही दोघंच होतो. सख्खी बहीण. तिला काय ते सांगून टाकायला किती वेळ लागला असता?

मी हसलो. म्हणालो, "बघत होतो, तुला कळतंय का."

"कळतंय की!" ती म्हणाली, आणि मुरुडहून आल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला.

तिथून ते सुरू झालं. गिऱ्हाईक एखादा कपड्याचा तुकडा आणायचं — अप्पा, असाच रंग पाहिजे. मी तो तुकडा उजेडात धरायचो, कपाळाला आठ्या घालायचो, आणि तिच्याकडं देऊन म्हणायचो, "सांग बघू, ह्यात काय काय हाय?" मास्तरनं विचारावं तसं. ती दारात जाऊन उन्हात बघायची. ओठ हलायचे. मग म्हणायची, "लाल जास्ती. निळ्याचा एकच थेंब. अन् जरासा पिवळा, न्हाई तर जांभळट जाईल." मी मान हलवायचो. "बरोबर."

कशाच्या जोरावर म्हणायचो मी बरोबर?

ती थेंब थेंब टाकून रंग करायची, चिंधीवर लावायची, वाळवायची, पुन्हा उन्हात न्यायची. वाळलेला रंग ओल्यापेक्षा गडद होतो की फिका, कोणत्या कापडात किती मुरतो, हे तिला न सांगता कळायचं. हळूहळू उदगीर-निलंग्याहून लोक यायला लागले. लातूरला अप्पाकडं जा, सेम टू सेम रंग देतो. ते तिच्या समोर माझं कौतुक करायचे आणि ती मान डोलवायची. एकदा तर तिनंच एकाला सांगितलं, "अण्णाची नजर लई बारीक. मी अजून शिकायलेय."

त्या दिवसांचा विचार केला की मला नेहमी ती अंधारी खोली आठवते. जाळीवर औषध लावायच्या खोलीत आम्ही फक्त एक पिवळा दिवा ठेवतो. त्या दिव्यात सगळे रंग विझतात. लाल ओढणी, हिरव्या बांगड्या, काही उरत नाही. सगळं मधात बुडवून ठेवल्यासारखं दिसतं. शिवकांता एकदा तिथं उभी राहून आपल्या हातांकडं बघत म्हणाली, "अण्णा, इथं आलं की सगळं सपनातल्यासारखं वाटतंय. हे असंच बाहेर असतं तर?" माझ्यासाठी बाहेर असंच होतं. मला वाटलं, आत्ता सांगावं. तिनं दार उघडलं, ऊन आत आलं, आणि ती पुन्हा तिच्या जगात गेली.

मग निर्मलाताई आल्या. नांदेडजवळ विष्णुपुरीला त्यांचा खेळाडूंचे कपडे शिवायचा कारखाना. मोठ्या आवाजाची, एकटी, कुणाचंही भलं करायला धावणारी बाई. एका रंगासाठी सगळीकडं फिरून शेवटी माझ्याकडं आल्या आणि रंग होईपर्यंत बसून राहिल्या. बसल्या बसल्या त्यांनी जे पाहिलं ते इतक्या वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं — की डबे कुणाच्या हातात आहेत. जाताना मला म्हणाल्या, "भाऊ, एकदा कारखान्यावर या. बोलायचंय."

मी गेलो. त्यांनी शिलाईच्या मशिनी दाखवल्या, कापडाचे तागे दाखवले, मग म्हणाल्या, चला, धरणाकडं जाऊ. सूर्य कलला होता. गोदावरीचं पाणी अडून लांबवर पसरलेलं. काठावर कॉलेजची पोरं-पोरी मोबाईल धरून उभी होती.

"पहा भाऊ, कसं लाल करून टाकलंय पाणी," निर्मलाताई म्हणाल्या. "रोज बघते, तरी मन भरत नाही."

मी पाहिलं. मला एक मोठं, पिवळट, गढूळ ताट दिसत होतं, आणि वर निळं विरत चाललेलं.

"हाव," मी म्हणालो. "लई सुंदर."

मग त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला माझ्याकडं द्या. कामाला न्हाई म्हणत मी — भागीदारीत. छपाईचं खातं तिचं. माझ्या घराची वरची खोली रिकामी हाय, तिथं राहील. माझ्याकडं माणसं हायत, मशिनी हायत, पण तशी नजर कुणाची न्हाई. तिला थेटच विचारणार होते. म्हटलं, आधी मोठ्या भावाच्या कानावर घालावं."

मोठ्या भावाच्या कानावर. त्यांनी मान दिला मला.

तुम्हीच सांगा, एखाद्या माणसाच्या मनात किती भरभर काय काय येऊ शकतं? मला माझं दुकान दिसलं, फळीवरचे डबे दिसले, कपड्याचा तुकडा घेऊन आलेलं गिऱ्हाईक दिसलं, आणि दारात उन्हात कुणीच उभं नव्हतं. शिवकांता दिसली का मला? वरच्या खोलीत, स्वतःच्या किल्ल्या कमरेला लावून? खरं सांगायचं तर — नाही दिसली.

"ताई, तुमच्यापासून काय लपवायचं," मी म्हणालो. "तिला रंग दिसत न्हाईत."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या.

"लाल-हिरव्याचा घोळ हाय तिच्या डोळ्यांत. जन्मापासून. मी आधी सांगून ठेवतो काय किती घालायचं, मग ती मिसळते. सासरहून आलेली पोर, तिचं मन राहावं म्हणून करतो. तिला सुद्धा पुरतं ठाऊक न्हाई."

आणि मग मी थांबलो असतो तरी चाललं असतं. मी थांबलो नाही. मी त्यांना मिरच्यांची गोष्ट सांगितली. औशाचं शेत, अव्वा, लाल-हिरव्या एकत्र तोडलेल्या मिरच्या, बोटाला लागणारा मऊपणा — सगळी सांगितली. तिच्या नावानं. इतकी सुरळीत आली ती तोंडातून. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या डोळ्यांबद्दल कुणाशी तरी खरं बोलत होतो, फक्त डोळे माझे म्हणत नव्हतो.

निर्मलाताईंनी डोळ्यांना पदर लावला. "किती करता हो बहिणीचं," त्या म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. लोहा गेलं, अहमदपूर आलं. सोयाबीनची रानं काचेवरून वाहत होती. मला वाटलं होतं, छाती धडधडेल, कसंसं होईल. काही झालं नाही. मला छान झोप लागली. कंडक्टरनं लातूर आलं म्हणून उठवलं. ती झोप मला त्या खोटेपणाइतकीच टोचते.

पुढं बरेच दिवस काही घडलं नाही. शिवकांता रंग करत होती, मी बरोबर म्हणत होतो. मग एकदा निर्मलाताई लातूरला आल्या. मी कापड बघायला बाजारात गेलो होतो. आलो तर त्या निघून गेलेल्या, आणि शिवकांता फळीसमोर खाली बसलेली. डबे समोर होते, झाकणं बंद.

"अण्णा," ती म्हणाली, "मला रंग नीट दिसत न्हाईत का?"

मी पिशवी खाली ठेवली.

"निर्मलाताई म्हणाल्या, तुम्ही सांगितलं त्यांना. माझे हात धरले, लई मायेनं बोलल्या. लाज वाटून घेऊ नको म्हणाल्या. भाऊ असावा तर असा म्हणाल्या."

मी तिच्या रागाची वाट बघत होतो. ती ओरडली असती, डबा फेकला असता, तर कदाचित — पण हे कदाचित मी लिहायला नको. ती रागावली नव्हती. तिनं सगळं स्वतःच जुळवून टाकलं होतं.

"म्हणून तुम्ही रोज विचारायचा, होय ना? सांग बघू, सांग बघू. मी चुकते का ते बघायला. अन् मला वाटायचं, मला शिकवायलेत."

बघा, कसं असतं. धरणावर मी जे बोललो ते भीतीपोटी बोललो असं निदान स्वतःला सांगता येईल. पण इथं? इथं ती समोर होती. दार उघडं होतं, ऊन आत आलं होतं, तिच्या नखांत रंग होता — कोणता ते माहीत नाही. ती माझ्याकडं अशी बघत होती की मी जे म्हणेन ते ती खरं मानणार होती. ते मला दिसत होतं. तेवढं तरी स्पष्ट दिसत होतं.

"थोडंसं," मी म्हणालो. "बारीक छटांमधी. लाल कळतो तुला, हिरवा बी कळतो. पण मरून अन् चॉकलेटी, असल्यात घोळ होतो तुझा."

"मग गिऱ्हाईक कधी कसं बोललं न्हाई?"

"मी नंतर दुरुस्त करतो की. मी हाय न्हवं."

तिनं आपल्या नखांकडं पाहिलं. मग म्हणाली, "दवाखान्यात दाखवावं का?"

"कशाला? गावभर होईल. जन्माचं असतं ते, औषध न्हाई त्याला."

हेही खरंच होतं. औषध नाही त्याला.

ती उठली आणि मोरीत जाऊन हात धुतले. खूप वेळ धुतले. मी काउंटरवर येऊन बसलो. रस्त्यावर ऊन होतं, माणसं जात-येत होती, आणि पाण्याचा आवाज थांबत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं डब्यांना हात लावला नाही. "तुम्हीच करा अण्णा," ती म्हणाली. "माझ्यानं उगं कुणाचा माल बिघडायचा." मी बराच आग्रह केला. तू कर, मी बघतो, म्हणालो. एक-दोनदा तिनं करून पाहिलं. पण पिवळ्याचा थेंब टाकताना हात थांबायचा, माझ्याकडं बघायची, आणि मी नुसता उभा. ज्या नजरेसाठी मी तिला नांदेडला जाऊ दिलं नाही, ती नजर त्या दिवसापासून दुकानात राहिली नाही. लोक म्हणाले, अप्पाचं वय झालं, रंग पहिल्यासारखा येत न्हाई. मी तयार रंग आणायला लागलो. गिऱ्हाइकापुढं नंबरांचा तक्ता ठेवायचा — यातला नंबर सांगा, तोच देतो, वेगळा रंग होणार नाही.

आता तर मशीन आलंय. कॉम्प्युटरवरून सगळे रंग एकदम फिल्मवर छापून निघतात, ती फिल्म कापडावर ठेवून गरम दाबली की झालं. चौकट नको, जाळी नको, रंग किती हा प्रश्नच नको. फिल्म किती लागली त्यावर भाव. मोठा ढीग असला तरच जुनी पद्धत परवडते. माझं गुपित आता कुणाला कळायचं कारणच राहिलं नाही. मी सुटलो, असं म्हणायला पाहिजे.

शिवकांता अजून दुकानात असते. टी-शर्टांच्या घड्या घालते, गरम मशीन चालवते, गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवते. पूर्वी दारात रांगोळी काढून रंग भरायची, गल्लीतल्या बायका बघायला थांबायच्या. आता नुसती पांढरी काढते. शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, पांढरीच शोभून दिसते. साडी घ्यायची झाली तर माझ्या बायकोला सोबत नेते आणि ती म्हणेल ती घेते. निर्मलाताईंनी दुसरं कुणीतरी घेतलं. कारखाना वाढला म्हणे. मला दिवाळीला त्यांचा फोन येतो, आणि त्या अजून विचारतात, बहीण कशी आहे हो, बिचारी.

तुमच्या मनात येत असेल, अजून का सांगत नाहीस? माझ्याही येतं. एक वाक्य आहे ते. तेवढं बोललो तर तिचे डोळे तिला परत मिळतील. मला ते वाक्य पाठ आहे. मी ते रोज जेवताना, घड्या घालताना, तिच्या तोंडाकडं बघून मनात म्हणतो. आणि बाहेर म्हणतो, शिवकांता, पाणी दे गं. हे तुम्हाला लिहिलं, तिला नाही, हेही मला कळतंय.

परवाची गोष्ट. लग्नघरातली एक मुलगी आली. नवरीकडच्या सगळ्यांना टी-शर्ट पाहिजेत, भरपूर नग, म्हणजे चौकटीवरचं काम. सोबत तिच्या आजीच्या रेशमी साडीचा तुकडा होता. अक्षरं याच रंगात पाहिजेत, म्हणाली. "काकू, हा डाळिंबी म्हणायचा का विटकरी? आमच्या घरात ह्याच्यावरनं नुसती भांडणं चाललीत."

शिवकांतानं तुकडा घेतला आणि दारात गेली. किती तरी वर्षांनी गेली. उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला. तिचे ओठ हलले. मला इथून दिसत होतं — ती थेंब मोजत होती. मग ओठ थांबले, चेहरा एकदम शांत झाला.

आणि ती माझ्याकडं वळली. "अण्णाला विचार," ती मुलीला म्हणाली. "त्यांना कळतं."

तुकडा माझ्या हातात आला. उन्हानं जरासा गरम झाला होता.

"डाळिंबी," मी म्हणालो.

मुलगी खूश झाली. शिवकांता त्या तुकड्याकडं अजून एकदा बघत राहिली, मघापेक्षा जरा जास्त वेळ. मग "हाव," म्हणाली, "डाळिंबीच," आणि आत घड्या घालायला गेली.

तो कोणता रंग होता, मला माहीत नाही. तिला माहीत होतं.